क्लच स्लिप होतोय म्हणून थेट क्लच बदलू नका, आधी का होतोय ते बघा

संपादक महोदय,

नमस्कार. तुमच्या वाहनांच्या पानावर वाचकांच्या प्रश्नांना जी उत्तरं येतात ती मी न चुकता वाचते. मागच्या आठवड्यात एकाने विचारलं होतं की माझ्या स्पोर्ट्स कारमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर पळतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, काय करू. उत्तर दोन ओळींचं होतं, क्लच प्लेट गेलीय, पूर्ण किट बदला आणि गाडी स्पोर्ट्स आहे तर हेवी ड्यूटीच बसवून टाका. ते वाचलं आणि मला राहवेना, कारण अगदी हेच उत्तर मला एकदा मिळालं होतं, मी ते ऐकलं होतं आणि त्यात एक चांगला नवा क्लच जवळजवळ जाळून बसले होते.

माझी गाडी जुनी, दोन सीटची, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, क्लच हायड्रॉलिक, म्हणजे पेडलचा जोर केबलऐवजी नळीतल्या फ्लुइडने पोचतो. झालं असं की क्लच फार खाली पकडतो, पेडल जवळजवळ तळाला लागल्यावर गिअर पडतो अशी माझी तक्रार होती. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथल्या मेकॅनिकने पेडलमागचा पुशरॉड, म्हणजे पेडलचा जोर पुढे देणारा दांडा, फिरवून लांब करून दिला, पकड वर आली, मी खूश. पुढे काही महिन्यांनी चढावर पाचव्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की काटा एकदम चारपाचशे आरपीएमने उडी मारायचा आणि गाडी आहे तिथेच. मग मुख्य वर्कशॉपला दिली, त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली, फ्लायव्हीलवर निळे डाग, सगळं मला दाखवलं, नवं किट बसवलं. आता मला सांगा, घासलेली प्लेट समोर दिसल्यावर ती घासली का हा प्रश्न कोण विचारणार. कोणीच विचारला नाही, मीही नाही. आणि जेमतेम पाच हजार किलोमीटरनंतर नव्या क्लचवर तेच सगळं परत सुरू झालं.

पुढे काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी क्लच म्हणजे नेमकं काय हे थोडक्यात सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. इंजिनच्या मागे फ्लायव्हील असतं, त्याला चिकटून घर्षणाचं लायनिंग लावलेली प्लेट आणि तिच्यावर प्रेशर प्लेट, जिच्यात डायाफ्राम स्प्रिंग असते. ही स्प्रिंग प्लेटला फ्लायव्हीलवर कायम दाबून धरते, आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगची मधली बोटं दाबतं आणि पकड सुटते. म्हणजे क्लच किती टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवणारा जोर, पेलणार हे तीन गोष्टींवर ठरतं, स्प्रिंगचा दाब किती, लायनिंग आणि लोखंड यांच्यातलं घर्षण किती आणि प्लेटचा व्यास किती. व्यास तर बदलत नाही. मग क्लच स्लिप होत असेल तर एकतर दाब कमी झालाय नाहीतर घर्षण कमी झालंय, किंवा या दोन्ही ठीक आहेत पण इंजिनच पूर्वीपेक्षा जास्त टॉर्क देतंय. प्लेट घासणं हे या सगळ्यातलं एक कारण, एकुलतं एक नव्हे.

आधी खरंच स्लिप होतोय का ते तरी पक्कं करा. पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये बघून काही कळत नाही कारण तिथे गाडी आणि इंजिन दोन्ही पटापट वेग घेतात आणि क्लचवर पूर्ण जोर फार वेळ राहत नाही. वरचा गिअर घ्यायचा, चौथा किंवा पाचवा, मोकळा सरळ रस्ता, शक्यतो थोडा चढ, दोन हजार आरपीएमच्या आसपास सावकाश चालवत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि काटा बघायचा, काटा बघायला शेजारी कोणीतरी बसवा म्हणजे तुमचं लक्ष रस्त्यावर राहील. एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं गणित पक्कं असतं. समजा चौथ्यात २००० आरपीएमला ६० चा वेग येतो, तर ३००० ला ९० च यायला पाहिजे, तिथे ८० च दिसत असेल तर साधारण सव्वातीनशे आरपीएम क्लचमध्येच घसरून वाया गेले. नव्या गाड्यांच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट) छोटा रीडर लावून मोबाइलवर वेग आणि आरपीएम दोन्ही रेकॉर्ड करता येतात, मग घरी बसून भागाकार करा, जिथे भागाकार बदलला तिथे क्लच सुटला, डोळ्याला न दिसणारी स्लिपसुद्धा यात पकडली जाते.

दुसरी एक टेस्ट सगळे सांगतात, हँडब्रेक ओढा, तिसरा किंवा चौथा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच सोडा, इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला. यात फक्त पार संपलेला क्लच सापडतो, अर्धवट स्लिप होणारा क्लच आरामात पास होतो, आणि ही टेस्ट चारपाच वेळा केलीत तर चांगल्या प्लेटचंही नुकसान होतं. मी तर कोणाला करू देत नाही.

जास्त ताकदीच्या मागच्या ड्राइव्हच्या गाडीत अजून एक घोळ होतो. ओल्या रस्त्यावर चाक जागेवर फिरलं तरी काटा असाच वर पळतो आणि माणसाला वाटतं क्लच गेला, पण तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो आणि गाडीचा मागचा भाग हलल्याचं सीटमध्ये जाणवतं, म्हणून टेस्ट कोरड्या रस्त्यावर आणि वरच्या गिअरमध्येच करा. उलट गिअर पडताना खरखर होत असेल, रिव्हर्स टाकताना आवाज होत असेल, पेडल मऊ किंवा स्पंजसारखं लागत असेल तर तो स्लिप नव्हेच, तिथे क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे अगदी उलटा आजार. दोन्हीला लोक सरसकट क्लच गेला म्हणतात आणि दोन्हीला एकच किट बसतं. जुन्या पोर्शे ९४४ मध्ये तर क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असायचं, ते रबर तुटलं की लायनिंग शिल्लक असूनही गाडी चालेना, म्हणजे तिथे लायनिंगची जाडी मोजून काही कळणारच नाही.

तर माझ्या गाडीकडे परत येते. दुसऱ्यांदा स्लिप सुरू झाल्यावर वर्कशॉपचं म्हणणं पडलं की तुम्ही हाफ क्लचवर चालवत असाल, आता हेवी ड्यूटी प्रेशर प्लेट टाकू म्हणजे कटकट नको. मला मात्र एक गोष्ट सारखी खटकत होती. सकाळी गाडी थंड असताना पहिली वीसेक मिनिटं काहीच होत नसे, कितीही दाबा, ठणठणीत. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास काढला, इंजिन गिअरबॉक्स सगळं तापलं की मग स्लिप सुरू. घासलेली प्लेट सकाळी बरी आणि दुपारी वाईट अशी इतकी स्वच्छ वेळ पाळत नाही. ओळखीच्या एकाने मला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे पाठवलं, त्यांना मी फोनवर एवढंच सांगितलं तर ते म्हणाले, ताई, गाडी गरम असताना आणा, थंड आणलीत तर मला काय दिसणार.

मी तापलेली गाडी घेऊन गेले. त्यांनी आधी स्वतः चालवून बघितली, स्लिप होतीच, मग लगेच गाडी वर घेऊन खाली गेले आणि स्लेव्ह सिलेंडरच्या, म्हणजे फ्लुइडच्या दाबाने रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या खालच्या सिलेंडरच्या, ब्लीड निपलला (फ्लुइड आणि हवा सोडायच्या तोंडाला) नळी लावून, पेडलला कोणी हात पाय काही न लावता, निपल थोडासा सैल केला. काका म्हणाले बघा इकडे. नळीतून फ्लुइड चिळकांडी मारून बाहेर आलं. पेडल कोणी दाबलेलं नाही म्हणजे त्या लाइनमध्ये दाब शून्य पाहिजे, आणि इथे एवढा दाब होता. निपल बंद केला, परत रस्त्यावर गेलो, त्याच गरम गाडीत त्याच चढावर स्लिप गायब. गिअरबॉक्सचा एक बोल्टही न खोलता पाच मिनिटांत रोग सापडला, मी तिथेच रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्यांचे हात धरले होते.

कारण असं की मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पेडलजवळच्या फ्लुइड ढकलणाऱ्या सिलेंडरमध्ये, पेडल पूर्ण वर आल्यावर पिस्टन मागे सरकतो आणि एक बारीक भोक उघडतं, त्यातून लाइन आणि वरची फ्लुइडची टाकी जोडलेली राहते. पुशरॉड लांब करून ठेवला की पिस्टन पूर्ण मागे येतच नाही आणि ते भोक कायम झाकलेलं राहतं. मग फ्लुइड तापून फुगलं की त्याला जायला जागा नाही, ते स्लेव्ह सिलेंडरला ढकलतं, बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर टेकतं आणि जणू कोणीतरी सतत पेडलवर हलकासा पाय ठेवून बसलंय अशी गाडी चालते. स्लिप झाली की अजून उष्णता, उष्णतेने अजून दाब. आणि नवीन किट बसवल्यावर काही हजार किलोमीटर बरं का चाललं तेही काकांनी समजावलं, प्लेट जसजशी घासते तसतशी स्प्रिंगची बोटं बाहेर सरकतात आणि स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जातो, तेवढं फ्लुइड टाकीत परत जायला पाहिजे, माझ्या गाडीत जाणारच कसं. (यातून एक गंमत कळली, ब्रेक पॅड घासले की ब्रेक फ्लुइडची पातळी उतरते पण क्लच घासला की क्लचच्या टाकीतली पातळी किंचित चढते. अर्थात बऱ्याच गाड्यांत दोघांची टाकी एकच असते, तिथे हे दिसत नाही.)

पेडल खाली का पकडत होतं याचं खरं उत्तर तर त्याहून साधं निघालं, फ्लुइड काळं पडलेलं आणि लाइनमध्ये हवा. व्यवस्थित ब्लीडिंग, म्हणजे फ्लुइड सोडून हवा काढण्याचं काम, केलं असतं तर पुशरॉडला हात लावायची गरजच नव्हती. काकांनी पुशरॉड मॅन्युअलप्रमाणे परत आणला, पेडलला थोडा फ्री प्ले दिला, म्हणजे हाताने दाबलं तर सुरुवातीचे काही मिलिमीटर पेडल रिकामं हलतं आणि मग पुशरॉड पिस्टनला टेकतो, रबरी होज आतून सुजलेला वाटला म्हणून तोही बदलला कारण आतून बुजलेला होज फ्लुइडला एकाच बाजूने जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही, म्हणजे परत तोच आजार. प्लेट आम्ही तशीच ठेवली, स्लिप लवकर पकडली गेल्यामुळे ती वाचली, त्यानंतर २० हजार किलोमीटर झाले आणि अजून एकदाही काटा उडालेला नाही.

जुन्या केबलवाल्या गाड्यांतही हेच होतं, फक्त केबलच्या रूपात. पोर्शे ९११ मध्ये १९८६ पर्यंत केबलचा क्लच होता, १९८७ पासून हायड्रॉलिक आला. केबलच्या गाडीत प्लेट घासत जाते तसा फ्री प्ले आपोआप कमी होत जातो, वेळेवर ॲडजस्ट केला नाही की बेअरिंग कायम टेकून राहतं आणि मग राहिलेली प्लेट बघता बघता संपते. म्हणून केबलवाल्याने तर स्लिप दिसल्या दिसल्या सगळ्यात आधी पेडलचा फ्री प्ले हाताने बघावा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तसंच मॅटमध्ये अडकून पेडल पूर्ण वर येत नाहीये का, पेडलची रिटर्न स्प्रिंग तुटलीय का, बेअरिंग ढकलणारा रिलीज फोर्क अडकतोय का, हेही बघून घ्या, हसू नका, अशा कारणांनीही क्लच जळतात.

दाब ठीक असेल तर मग घर्षणाकडे बघायचं, म्हणजे तेल. इंजिनच्या मागचं क्रँकचं ऑइल सील किंवा क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टचं सील गळलं की तेल बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या घरात, उतरतं आणि फिरत्या प्लेटवर उडतं. अशा वेळी बरेचदा आधी गाडी जागेवरून निघताना थरथर होते आणि मग स्लिप सुरू होते. बेल हाउसिंगच्या खालच्या बाजूला बहुतेक गाड्यांत छोटं भोक किंवा झाकण असतं, तिथे बोट फिरवून बघा. काळं आणि इंजिनचा वास असलेलं तेल म्हणजे क्रँकचं सील, उग्र गंधकासारखा वास म्हणजे गिअर ऑइल, आणि पाण्याने सहज धुतलं जाणारं, रंग खाणारं पातळ काही असेल तर क्लच फ्लुइड, म्हणजे स्लेव्ह सिलेंडर गळतोय. ज्या गाड्यांत स्लेव्ह सिलेंडर बेल हाउसिंगच्या आत, इनपुट शाफ्टभोवतीच बसवलेला असतो, उदाहरणार्थ निसान ३७० झेड किंवा १९९७ ते २०१९ मधली कॉर्व्हेट, तिथे ही गळती बाहेरून दिसत नाही, टाकीतली पातळी हळूहळू उतरताना दिसते एवढंच. तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुवून परत बसवू असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा, लायनिंगने आत शोषलेलं तेल तापल्यावर परत वर येतं. आणि सील न बदलता नवीन प्लेट बसवणं म्हणजे तीही त्याच तेलात घालणं.

आणि तिसरी गोष्ट इंजिनची. टर्बो गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रीमॅप केला असेल (जास्त ताकदीसाठी नव्याने सेट केला असेल) तर टॉर्क बराच वाढतो, आणि तो वाढतो मधल्या आरपीएमला, त्यामुळे क्लच सुटतो तोही तिथेच, दोन ते साडेतीन हजारच्या मध्ये वरच्या गिअरमध्ये, अगदी वरच्या आरपीएमला, रेडलाइनला नव्हे. कंपनीच्या क्लचमध्ये थोडी शिल्लक ताकद असते पण अमर्याद नसते. इथे मात्र हेवी ड्यूटी प्रेशर प्लेट हे अगदी बरोबर उत्तर आहे, माझा विरोध त्या वस्तूला नाही, न तपासता ती सुचवण्याला आहे. कारण जड स्प्रिंगने पेडल जड होतं, हायड्रॉलिकवर ताण वाढतो, क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जोर वाढतो, आणि सिंटर्ड (धातूच्या भुकटीच्या लायनिंगची) किंवा पक वाली (सुट्या ठोकळ्यांची) प्लेट घेतली तर ती एकदम पकडते, ट्रॅफिकमध्ये गाडी धक्के खात चालते. पोर्शे कॅरेरा जीटीचा क्लच १६९ मिलिमीटर व्यासाचा सिरॅमिकचा होता, एवढ्याशा क्लचमध्ये सहाशे हॉर्सपॉवरचं इंजिन पेलायचा, पण ती गाडी जागेवरून उचलताना भल्याभल्यांचं इंजिन बंद पडायचं. माझ्या गाडीत त्या वेळी जड स्प्रिंग बसवली असती तर लाइनमध्ये अडकलेल्या दाबावर तिने काही काळ मात केली असती, मूळ दोष झाकला गेला असता आणि बेअरिंग मात्र कायम टेकलेलं राहून बोंबललं असतं.

सगळं तपासून झालं आणि कारण खरंच प्लेट घासलेलीच निघाली, तर बदला, त्याला पर्याय नाही. पण गिअरबॉक्स उतरवणं हेच सगळ्यात मोठं काम असतं, स्पोर्ट्स गाड्यांत तर विशेष. बॉक्स्टरसारख्या मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत सगळं खालून काढावं लागतं, ९४४ किंवा १९९७ ते २०१९ मधल्या कॉर्व्हेटमध्ये गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलजवळ आणि मधे लांब टॉर्क ट्यूब, क्लचपर्यंत पोचायला निम्मी गाडी उतरवावी लागते. म्हणून एवढं खोललंय तर त्याच वेळी रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं सील, आत असेल तर स्लेव्ह सिलेंडर, सगळं बदलून घ्या. सुरुवातीच्या बॉक्स्टरचे मालक इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं, बिघडण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेलं आयएमएस बेअरिंगसुद्धा याच वेळी बदलून घेतात, कारण तिथपर्यंत हात पोचायची हीच संधी.

फ्लायव्हीलकडे दुर्लक्ष तर अजिबात नको. निळे डाग म्हणजे तिथे लोखंड अती तापलंय, बारीक भेगा नखाला लागल्या तर ते फ्लायव्हील परत बसवू नका. साधं एकसंध फ्लायव्हील असेल तर ग्राइंडिंग करून सपाट करता येतं पण कंपनीने दिलेल्या मापाच्या आतच, आणि पायरीवालं असेल तर पायरीची उंची तेवढीच राहिली पाहिजे, ती चुकली की नवीन क्लचही पूर्ण दाबणार नाही. दोन भागांच्या ड्युअल मास फ्लायव्हीलमध्ये आत स्प्रिंगा असतात, ते हाताने किती फिरतं आणि किती डुलतं ते मोजायचं, मर्यादेबाहेर गेलं असेल तर बदलायचं, लेथवर चढवायचं नाही.

बसवताना होणाऱ्या चुका तर वेगळ्याच. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते तिच्यावरच लिहिलेलं असतं तरी उलटी बसते. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो तो ब्रेक क्लीनरने पुसायचा विसरतात. शाफ्टच्या दात्यांवर, म्हणजे स्प्लाइनवर, ग्रीस नखभर पुरतं, जास्त लावलं की फिरताना उडून लायनिंगवर. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून घट्ट करायचे, एका बाजूने पूर्ण आवळले की प्लेट वाकते. आणि गिअरबॉक्स परत चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकत ठेवलं की प्लेटचा मधला भाग वाकतो, मग क्लच पूर्ण सुटेना म्हणून परत सगळं खोला. घरी करणाऱ्यांसाठी, फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा, आणि जुन्या गाडीची धूळ हवेने उडवू नका कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा. नवीन क्लच बसल्यावर पहिले पाचसातशे किलोमीटर शांतपणे शहरात चालवा, लायनिंग आणि लोखंड एकमेकांना जुळायला तेवढं लागतं, हायवेवर सरळ चालवून ते होत नाही कारण तिथे क्लच वापरलाच जात नाही.

स्लिप होतोय तोवर चालवू, बघू पुढे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब देते. इंजिन ३०० न्यूटन मीटर टॉर्क देतंय आणि क्लच ५०० आरपीएमने घसरतोय, तर तेवढ्या जागेत जवळजवळ १६ किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे २ किलोवॅटचे आठ हीटर एका ताटलीएवढ्या प्लेटवर. काही सेकंदांतच लायनिंग चकाकायला लागतं, काचेसारखं गुळगुळीत झालं की पकड अजून कमी, आणि तो जळका वास गाडीत येईपर्यंत फ्लायव्हीलचं जे व्हायचं ते झालेलं असतं. त्यामुळे टेस्ट एकदा करा, खात्री झाली की थांबा, पूर्ण ॲक्सिलरेटर देणं बंद करा आणि तापलेली असतानाच दाखवायला न्या.

चालवायच्या सवयींबद्दल फार लिहीत नाही, पाय पेडलवर टेकवून ठेवणं आणि चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं या दोन सोडल्या तरी पुष्कळ झालं. पण प्रत्येक स्लिपचा दोष चालवणाऱ्याच्या पायावर ढकलायचा, आणि बाईचा पाय असेल तर जास्तच आत्मविश्वासाने ढकलायचा, हे मी सहन केलंय आणि ते चूक होतं हे त्या नळीतून उडालेल्या फ्लुइडने दाखवलं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. ज्या वाचकाने तो प्रश्न विचारला होता त्याच्यासाठी पुढच्या वेळी एवढं छापा की स्लिप थंड गाडीत होतो की फक्त तापल्यावर, पेडलला फ्री प्ले आहे का, अलीकडे पेडल, केबल किंवा मास्टर सिलेंडरला कोणी हात लावलाय का, बेल हाउसिंगखाली तेल आहे का, इंजिन रीमॅप केलंय का, एवढं आधी बघ. आणि तापल्यावरच होत असेल तर गिअरबॉक्स उतरवू देण्याआधी एकदा तो ब्लीड निपल सैल करून बघायला सांग. वर्कशॉपने किट बदललंच तर जुनी प्लेट मागून घे, ती कुठे घासलीय, तेलकट आहे का, एकाच बाजूने जळलीय का, हे मेकॅनिकबरोबर उभं राहून बघ. त्याने अजून गाडी उघडली नसेल अशी मला फार आशा आहे.

आपली,
एक नियमित वाचक